दाराबाहेरचे अकरा सूर

शुक्रवारी दुपारी तिने ज्याला दारातच अडवलं तो माणूस पावसात भिजलेला होता, धापा टाकत होता आणि एक काळी पेटी लेकरासारखी छातीशी धरून उभा होता. आत वाद्यवृंदाची तालीम चालू होती. संगीत चालू असताना दार उघडायचं नाही, हा त्या सभागृहाचा नियम, आणि गेली सहा वर्षं दारावर उभी राहून तो पाळणारी ही. सगळे तिला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं म्हणा.

"मी पाहुणा कलाकार आहे," तो म्हणाला.

"उशिरा आलेला प्रत्येक जण कोणीतरी असतोच," ती म्हणाली. "बसा बाकावर."

तो खरंच बसला. ना वाद घातला, ना ओळखी सांगितल्या. पेटी उघडून आतला ट्रम्पेट रुमालाने पुसला आणि मान वर करून तिच्याकडे बघून हसला... बस, एवढंच. आता हसण्यात काय मोठंसं? पण तिला उगाचच युनिफॉर्मची कॉलर सरळ करावीशी वाटली.

मधल्या सुट्टीत वाद्यवृंदाच्या संचालिकाबाई बाहेर आल्या. त्याला बाकावर पाहून त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, सापडली वाटतं तुम्हाला तुमची जागा. कारण गंमत अशी, की त्याची जागा खरोखरच दाराबाहेर होती. रविवारची रचना गेल्या शतकातली, एका मोठ्या युद्धानंतर लिहिलेली. आत ऐंशी वादक, पियानोवर एक पाहुणे आजोबा, आणि अगदी शेवटी, सगळं शांत झाल्यावर, बाहेरून येणारे ट्रम्पेटचे अकरा सूर. वाजवणारा दिसू नये आणि दार हळूहळू उघडावं, असं रचना करणाऱ्यानेच लिहून ठेवलं होतं.

पण बाहेर बसलेल्याला आतलं दिसायचं कसं? त्यासाठी तिथे एक छोटा टीव्ही होता, तो नेमका बिघडला होता. इलेक्ट्रिशियन सोमवारी येणार आणि कार्यक्रम रविवारी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मग नेमकी वेळ साधून दार उघडणार कोण? त्याने सरळ तिच्याकडे बोट केलं.

"मी?" ती दचकलीच. "मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही."

"नियम तर कळतो ना," तो म्हणाला. "मला त्याचा चांगलाच अनुभव आलाय."

संचालिकाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण दुसरं होतं कोण?

शनिवारी तो वेळेच्या तासभर आधी आला. बाकावर बसून त्याने तिला समजावून सांगितलं. पियानो थांबला की मागे उरलेला खर्ज विरेपर्यंत वीस मोजायचे, सावकाश, आणि विसाव्याला दार ढकलायचं. बोलता बोलता हेही निघालं, की चौदा वर्षं तो कुठल्या ना कुठल्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसलाय आणि पाहुणा म्हणून बोलावणं हे पहिलंच. तेही अकरा सुरांसाठी.

"अकराच?" तिला वाईट वाटलं.

"अकरा पुरतात... दार वेळेवर उघडलं तर."

या माणसाची चौदा वर्षं आपल्या हाताशी येऊन थांबली आहेत, हे तिला आत्ता कळलं. तालमीत पहिल्यांदा ती घाईने मोजून गेली आणि दार लवकर उघडलं. दुसऱ्यांदा तो ट्रम्पेट ओठांशी धरून तिच्याकडेच बघत होता, तर सतरानंतर काय येतं तेच तिला आठवेना. त्याचे सूर बंद दारावर आपटून विरले. संचालिकाबाई बाहेर आल्या आणि स्पष्ट सांगून गेल्या, उद्या असं झालं तर दौऱ्यातल्या उरलेल्या दोन्ही गावांना ट्रम्पेटशिवायच जाऊ.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. हा पठ्ठ्या विचारतो काय, की एरवी कार्यक्रम चालू असताना तुम्ही इथे करता तरी काय?

ती संकोचली. मग सांगून टाकलं. आत बसून एकही कार्यक्रम तिने कधी ऐकला नव्हता. पण दाराच्या लाकडाला तळहात लावून ती उभी राहायची. मोठी सारंगी म्हणतात ना, ती उभी, माणसाएवढी, तिची थरथर लाकडातून हाताला लागते. नगारा तर कोपरापर्यंत चढतो. टाळ्या कधी पडणार तेही तिला आधीच कळतं.

त्याने तिच्या तळहाताकडे पाहिलं. "आणि मी वेड्यासारखा तुम्हाला वीस मोजायला शिकवतोय," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर तिने आईकडे शिलाई मशीनच्या तेलाची बुधली मागितली. आई शिवणकाम करायची, तिची नजर सुईच्या नाकाएवढं भोकही चुकवायची नाही. कशाला, म्हणाली. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात, म्हणून. सहा वर्षं कुरकुरत होत्या तेव्हा नाही ऐकू आल्या त्या, असं म्हणत आईने बुधली दिली आणि वर विचारलं, उंच आहे का गं? ती बुधली घेऊन आत पळाली. सकाळी बिजागऱ्यांना तेल मात्र तिने दोनदा घातलं.

रविवारी चारला कार्यक्रम सुरू झाला. ट्रम्पेट गार पडू नये म्हणून तो मधूनमधून त्यात नुसतीच फुंकर घालत होता. लांबून सूर उतरलेला वाटतो, म्हणून केसभर चढा वाजवायचा, हे त्याने तिला सांगितलं होतं. आत पियानो थांबला. तो उभा राहिला. धास्तीने ती मोजूच लागली. एक... दोन...

आणि तेराव्याला जिन्यावरून सभागृह समितीचे अध्यक्ष आले. नेहमीसारखेच उशिरा, छत्री निथळत. आले ते थेट दाराच्या मुठीलाच हात घातला त्यांनी. तिने त्यांचं मनगट धरलं. ज्या माणसाच्या सहीने तिची नोकरी होती त्याचं मनगट!

"मी कोण आहे माहीत आहे ना?" ते पुटपुटले.

माहीत होतं. पण मोजणी गेली होती. ट्रम्पेटवाल्याला ते दिसलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला... आणि मग त्याने सावकाश डोळे मिटले, तुमच्यावर सोडलं असं म्हटल्यासारखे.

तिने अध्यक्षांना सोडलं आणि तळहात दाराला लावला. लाकूड थरथरत होतं. त्या उभ्या सारंग्यांचा एकच खर्ज बारीक होत चालला होता, बारीक, आणखी बारीक. मग लाकूड नुसतं लाकूड झालं. आत्ता.

तिने दार ढकललं. बिजागरी कुरकुरली नाही.

समोर उजेड होता. ऐंशी माणसं वाद्यं मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणी पापणी हलवत नव्हतं. पियानोवाल्या आजोबांचे हात मांडीवर होते. हजारभर माणसं एकाच जागी इतकी शांत बसू शकतात हे तिला माहीत नव्हतं. आणि तिच्या कानाशेजारून पहिला सूर आत गेला. सावकाश गेला, सगळ्यांच्या डोक्यांवरून, थेट छतापर्यंत. लोक वर बघू लागले. कुठून येतंय हे कुणालाच कळेना. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला. दुसरा, तिसरा, सातवा... फौजदारीण दाराला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ही एवढी मोठी गोष्ट सहा वर्षं आपल्या पाठीमागे घडत होती? अकराव्या सुरावर तिने दार तितक्याच सावकाश लावून घेतलं.

आत शांतता. मग तळहाताला टाळ्या लागल्या, पावसासारख्या.

अध्यक्ष बाकावर बसले होते. कधी बसले ते त्यांनाही कळलं नसावं.

आतून संचालिकाबाई पाहुण्याला बोलावत असणार. तो जागचा हलेना.

"जा ना," ती डोळे पुसत म्हणाली. "टाळ्या थांबतील."

"बुधवारी पुढच्या गावात हाच कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "तिथलं दार कोण उघडणार, ठाऊक नाही."

"असेल की कोणीतरी."

"असेल. पण मी दारासाठी नाही विचारत..." तो अडखळला. "तुम्ही मला आवडता. शुक्रवारी बाकावर बसवलंत तेव्हापासून. उत्तर मिळाल्याशिवाय मी आत जाणार नाही."

टाळ्या वाजतच होत्या. एक हजार माणसं त्याची वाट बघत होती, आणि हा वेडा तिची. तिची सहा वर्षांची रजा शिल्लक होती. आईने तर उंची कालच विचारून ठेवली होती.

"तालीम किती वाजता?"

"दहाला."

"मी साडेनऊला येईन," तिने दार उघडलं. "आणि तू उशीर केलास, तर बाहेर बसवीन."

तो आत पळाला तो लहान पोरासारखा हसत. ती सवयीने दार लावायला गेली, तर मूठ दुसऱ्याच कुणीतरी धरलेली. अध्यक्ष छत्री बगलेत मारून उभे होते.

"तुम्हीही जा," ते हळूच म्हणाले. "दार मी धरतो."

आणि सहा वर्षांत पहिल्यांदा फौजदारीण कार्यक्रमाला आत गेली. टाळ्या संपता संपता, सगळ्यांत उशिरा.