सात नंबरचं जॅकेट

कुवेतमध्ये बर्फाचा कडा कोसळून माणूस मेला, असं सांगितलं की लोक हसतात.

हसा. आधी मीही हसलो होतो.

पण ही घटना खरी आहे. ज्यानं मला ती सांगितली तो यूनुस परकार माझा सख्खा चुलतभाऊ. आमचं गाव हर्णैजवळ. यूनुस सेहेचाळीस वर्षांचा आहे. गेली अकरा वर्षं तो इथं कुवेतच्या एका मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये सेफ्टीचं काम बघतो. मॉलचं नाव सांगणार नाही. त्याची नोकरी अजून तिथंच आहे.

हॉल म्हणजे बंद छताखालचा बर्फाचा उतार. तीन मजले उंच. वरून लोक स्की लावून घसरत येतात. खाली लहान मुलांची खेळायची जागा. बाहेर ऑगस्टमध्ये पन्नास डिग्री, आत उणे चार.

आता जरा नीट ऐका. हॉल थंड ठेवणारा चिलर बंद पडला, की वरचा बर्फ थोडा वितळतो. चिलर पुन्हा सुरू झाला की त्याची गुळगुळीत काच होते. रात्री मशीन त्यावर नवा बर्फ टाकतं. हा नवा बर्फ खालच्या काचेला धरत नाही. नुसता टेकून बसतो. कधी निसटेल, सांगता येत नाही.

म्हणून नियम आहे. चिलर थांबला की दुसऱ्या दिवशी हॉल बंद. सेफ्टीच्या माणसानं वर जायचं, फावड्यानं चौकोनी खड्डा खणून थर बघायचा, मगच सही करायची. नियम छान फ्रेम करून भिंतीवर लावलाय. फ्रेम केलेल्या गोष्टी कोण वाचतो?

थर बघायला यूनुसला हरिश्चंद्रनं शिकवलं. हरिश्चंद्र लातूरकडचा. आधी आठ वर्षं हिमाचलात रस्त्यावरचा बर्फ उपसायच्या कामावर होता. खरे कडे कोसळताना त्यानं पाहिले होते. तो म्हणायचा, "बर्फाला छत काय अन् आभाळ काय. त्याला उतार कळतो फक्त."

दोघं एका खोलीत राहायचे, एका ताटात जेवायचे.

अजून एक पद्धत सांगायला हवी. दाराबाहेर चौदा खुंट्या. चौदा कामगारांची चौदा नंबरची जॅकेटं. आत जाताना घालायचं, बाहेर आलं की आपल्या खुंटीला टांगायचं. आत कोणी राहिलंय का, हे बघायला माणसं मोजत नसत. जॅकेटं मोजत. उणे चारमध्ये जॅकेटशिवाय कोण जाणार?

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एकजण गेला.

आदल्या दिवशी चिलर थांबला होता. सकाळी थर बघायची पाळी यूनुसची होती. पण त्याला सडकून ताप भरलेला. दात वाजत होते. आत, उताराच्या पायथ्याशीच हरिश्चंद्रनं आपलं सात नंबरचं जॅकेट काढलं आणि यूनुसच्या जॅकेटवरून त्याला चढवलं.

"तू जा, गोळी घे, पड. मी बघतो वर. पाच मिनिटांचं काम आहे."

तो नुसत्या स्वेटरवर गेला.

यूनुस बाहेर आला. स्वतःचं जॅकेट चार नंबरला टांगलं. हरिश्चंद्रचं सात नंबरला. विचार केला नाही. नऊ वर्षांची सवय, हात आपोआप गेले. गोळी घेऊन तो मागच्या खोलीत आडवा झाला.

दहा मिनिटांनी कडा सुटला.

मॅनेजर अभिजीत सर धावत खुंट्यांपाशी आले. मोजलं. चौदा.

"सगळे बाहेर आहेत!" ते ओरडले. सगळ्यांनी हुश्श केलं. कोणी चहा मागवला.

चाळीस मिनिटांनी यूनुसला जाग आली. त्यानं विचारलं, "हरी कुठाय?"

हरिश्चंद्र कंबरेएवढ्या बर्फाखाली सापडला.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, कामगार जॅकेट खुंटीलाच ठेवून, कोणाला न सांगता आत गेला. साक्षीदार म्हणून यूनुसची सही आहे. जॅकेट कोणी टांगलं, हे कोणी विचारलं नाही आणि यूनुसनंही सांगितलं नाही. पोलीस, अकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, मुलीचं शिक्षण... सगळं डोळ्यांपुढे आलं आणि तोंडाला कुलूप बसलं.

त्यानंतर यूनुस एकदाही वर गेला नाही. खाली उभा राहायचा, वर बघायचा आणि सही करायचा. दोन वर्षं. हे त्यानं स्वतः मला सांगितलंय.

आता मागच्या ऑगस्टकडे येतो. गुरुवार होता. सकाळचे साडेसात.

बुधवारी दुपारी चिलर दीड तास बंद होता. नियमानं गुरुवारी हॉल बंद राहायला हवा. पण दहा वाजता एका समर कॅम्पची साठ मुलं येणार होती. मुलं खाली खेळणार होती. उताराच्या बरोबर पायथ्याशी.

अभिजीत सरांचा फोन आला. "यूनुसभाई, दीडच तास तर बंद होता हो. सही करून ठेवा. मी आठपर्यंत पोचतोच."

यूनुस दमला होता. सलग दुसरी ड्यूटी. गुडघे बोलत होते. त्यानं रजिस्टर उघडलं. पेन टेकवलं...

खर्र...

आतून आवाज आला.

बर्फावर फावडं ओढल्याचा.

खर्र... खर्र...

बाकी कामगार नवाला येतात. दाराची चावी यूनुसकडेच होती.

त्यानं सवयीनं खुंट्यांकडे पाहिलं. मोजलं. तेरा.

सात नंबरची खुंटी रिकामी होती.

ते जॅकेट दोन वर्षं कोणी घातलं नव्हतं. धुऊन टांगलेलं, तसंच होतं. तासाभरापूर्वी यूनुसनं ते पाहिलं होतं.

"कोन हाय आत?"

आवाज थांबला.

त्यानं दार उघडलं. पंख्यांची घरघर नेहमी ऐकू येते. ती येत नव्हती. इतकी शांतता त्या हॉलमध्ये त्यानं कधी ऐकली नव्हती.

बर्फ कोरा होता. एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

आणि वरून, अगदी टोकावरून... खर्र...

पळून यावं असं त्याला वाटलं. पण कोणी खरंच आत असेल तर? एकदा न बघता एक माणूस गेला होता. यूनुस बाजूच्या पायऱ्या चढायला लागला. नव्वद पायऱ्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

वर कोणी नव्हतं.

खड्डा होता.

ताजा, चौकोनी, दोन हात लांब. कडा सुरीनं कापल्यासारख्या. हरिश्चंद्र खणायचा तसाच. तळाला काच चमकत होती. यूनुसनं गुडघे टेकले आणि खड्ड्याच्या कडेचा बर्फ नुसत्या हातानं ओढला.

अख्खी लादी निसटून त्याच्या मांडीवर आली.

खाली मुलांच्या रंगीत घसरगाड्या मांडून ठेवल्या होत्या. साठ.

तो कसा उतरला, त्याला आठवत नाही. बाहेर आला तर सात नंबरचं जॅकेट खुंटीवर होतं. खांद्यांवर ताजा बर्फ. त्यानं भीतभीत आत हात घातला.

अस्तर... कोमट होतं.

आत्ताच कोणी अंगातून काढल्यासारखं.

तेवढ्यात अभिजीत सर आले. यूनुसनं सांगितलं, "सर, थर सुटलाय. मी सही करनार नाय."

"तुम्ही वर गेलात? तुम्ही तर कधी..." ते थांबले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. "बसेस निघाल्यात, यूनुसभाई. पालकांना मी काय सांगू? द्या इकडे, मीच करतो सही." त्यांनी मान वळवून खुंट्यांवरून नजर फिरवली. "चौदा आहेत. आत कोणी नाही. ठीक आहे सगळं."

"त्या दिवशी पन चौदाच होती, सर."

अभिजीत सरांचा हात थांबला.

"सात नंबर मी टांगलं होतं. त्यानं मला घातलेलं. मला ताप होता. मी टांगलं, तुम्ही मोजलं, आणि तो आत राहिला."

दोन वर्षं दाबून ठेवलेलं ते वाक्य एका दमात बाहेर पडलं. यूनुसला रडू आलं. अभिजीत सरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. वाईट माणूस नाही तो. "सगळे बाहेर आहेत" हे त्याचेच शब्द होते, आणि ते तोही विसरला नव्हता.

मग आतून आवाज आला.

खर्र...

या वेळी दोघांनी ऐकला.

अभिजीत सरांनी हळूच खुंट्यांकडे पाहिलं. ओठ हलवत मोजलं. पुन्हा मोजलं.

तेरा.

त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि कॅम्पवाल्यांना फोन लावला. बसेस अर्ध्या रस्त्यातून परत गेल्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी कडा सुटला. घसरगाड्या भिंतीपर्यंत फेकल्या गेल्या. बर्फ उपसायला दोन दिवस लागले. आत कोणी नव्हतं. त्या दिवशी दुपारी पाहिलं तर खुंट्यांवर चौदा जॅकेटं होती, आणि सात नंबरचं कोरडं होतं.

त्याच दुपारी यूनुसनं हरिश्चंद्रच्या बायकोला फोन केला. शामलावहिनी लातूरजवळच्या गावी असते. जॅकेटचं सगळं सांगून टाकलं. ती शिव्या देईल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं.

"भाऊजी, मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं?"

"वर जायच्या आधी त्यांचा फोन आल्ता. म्हनले, यूनुसला ताप हाय, माझं जाकीट त्याला घातलंय. रिपोर्टात जाकीट खुटीला व्हतं म्हनून लिवलं, तवाच समजलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाय, वहिनी?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

दोन वर्षं थांबली होती बाई. मग तिनंच विचारलं.

"एक सांगा, भाऊजी. लई येळ थंडी वाजली असंल का हो त्यास्नी?"

यूनुस म्हणाला, "नाय वहिनी. लगेच गेला तो. काही कळलं पन नसंल."

हे खोटं आहे.

डॉक्टर त्याला म्हणाले होते, अंगावर मार नव्हता. बराच वेळ जिवंत होता. त्याची बोटं सोलवटली होती. दोन्ही हातांनी बर्फ खरवडत होता तो. वरच्या बाजूला.

सगळे बाहेर चहा पीत होते तेव्हा.

यूनुसला वाटलं होतं, कबूल केलं की हरी जाईल. तो गेला नाही. आता यूनुस रोज सकाळी नव्वद पायऱ्या चढतो, आणि चिलर थांबलेला नसला तरी कधी कधी आवाज येतो. तो म्हणतो, "आधी मला वाटायचं, फावड्याचा आवाज हाय. फावड्याचा नाय तो."

मागच्या शुक्रवारी तो माझ्याकडे रिग्गईला जेवायला आला. जेवला नाही. हात धुऊन बसला आणि शामलावहिनीचा नंबर मला लिहून दिला.

"माझ्यानं होत नाय. तू सांग तिला खरं काय ते."

मी हो म्हणालो.

पाच दिवस झाले. रोज फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. त्या बाईला हे कोणत्या तोंडानं सांगू? आणि न सांगून तरी काय? तुमच्यातल्या कोणाला सुचत असेल तर सांगा, म्हणूनच इथं लिहितोय.

काल दुपारी घरात मी एकटाच होतो. बायको दवाखान्यात ड्यूटीवर, मुलं शाळेत. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.

फ्रीजच्या वरच्या कप्प्यातून आवाज आला. आतून.

खर्र...

मी पाणी न पिताच बाहेर आलो. रात्री बायकोनं बर्फ मागितला, तर संपलाय म्हणून सांगितलं.