किती जण हायसा?

२००३ साली आमच्या वसाहतीला पंचवीस वर्षं झाली आणि मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं. मी तेव्हा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत होते, त्यामुळे वसाहतीचा इतिहास लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

रंकाळा मागे टाकून फुलेवाडी नाका ओलांडला की पुढे डाव्या हाताला आमची घरं लागतात. पूर्वी तिथं नुसता माळ होता. पलीकडे ऊस, दोन गुऱ्हाळं, एक विहीर. पहिलं घर १९७८ मध्ये झालं आणि बघता बघता चारशे घरं झाली. कोण कुठून आलं, कधी आलं, एवढं विचारून लिहायचं होतं.

पहिलं घर झुंबरबाईंचं. त्या शाहूवाडीकडच्या, साठीच्या. मी गेले तेव्हा कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"बैलगाडीतनं सामान घिऊन आलो आमी," त्या म्हणाल्या. "हितं चिटपाखरू न्हवतं. पर बांधावर एक बाई हुती की. काखंत पितळंची कळशी. पाणी दिलं आन इचारलं, किती जण हायसा? म्या म्हटलं, चौघं. ती म्हणाली, पाच."

"मग?"

"मग काय. मला दिवस गेल्यालं मलाच म्हाईत न्हवतं. आठ म्हैन्यांनी शालू झाली."

मी हसले आणि वहीत टिपून घेतलं. स्मरणिकेला असं काहीतरी हवंच असतं.

आठवड्यानं भरमाप्पांकडे गेले. ते १९८८ मध्ये गडहिंग्लजकडून आले, नाक्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. सगळं सांगून झाल्यावर, मी उठता उठता ते म्हणाले, "सामान उतरवताना एका बाईनं पाणी दिलं होतं. किती जण म्हणून विचारलं. मी सात म्हटलं. ती म्हणाली, सहा."

ते मला दारापर्यंत सोडायला आले. "आमची अव्वा, म्हंजे आई, दिवाळीपर्यंत राहिली न्हाय, बाई."

"त्या बाईचं वय काय असेल?"

"चाळीस. काखेत कळशी होती."

झुंबरबाईंनीही चाळीसच सांगितलं होतं. मधे दहा वर्षं गेली होती.

त्यानंतर मी प्रत्येक घरी तो प्रश्न विचारायला लागले. चिमणाबाईंना भेटली होती, अंबूबाईंना भेटली होती. पहिल्याच दिवशी, एकदाच. पुन्हा कुणालाच दिसली नाही. काहींना तिनं "बरोबर" म्हटलं होतं, काहींचा आकडा तिनं बदलला होता, आणि वर्षभरात तोच खरा ठरला होता. ती राहायची कुठं, असं विचारलं की एक जण विहिरीकडे बोट करायचा, दुसरा उसाकडे, तिसरा चक्क माझ्या घराच्या दिशेनं. मी मतदार याद्या पाहिल्या, गावच्या शाळेची जुनी रजिस्टरं चाळली. काही सापडलं नाही. सहामाहीचे पेपर तसेच पडून राहिले. इतकी मजा मला कुठल्याच कामात आली नव्हती.

मग लक्षात आलं, मी माझ्याच घरात विचारलं नव्हतं. आम्ही २००१ मध्ये आलो. मला शाळेत परीक्षेचं काम होतं, म्हणून टेम्पोबरोबर माझा नवरा सम्मेद एकटाच पुढे आला होता.

रविवार होता. तो अंगणात लूना पुसत होता. मी विचारलं तसा त्याचा हात थांबला.

"भेटली होती," तो म्हणाला. "मी सांगितलं, तिघं. तू, मी, प्राची."

"आणि ती?"

त्यानं फडकं पिळलं, झटकलं, तारेवर टाकलं.

"दोन."

दोन वर्षं हा माणूस फौंड्रीतून जेवणाच्या सुट्टीत येऊन प्राचीला शाळेतून घरी का आणत होता, ते तेव्हा कळलं. पोरीला सायकलवर कुठं का जाऊ देत नव्हता, तेही. वर्ष उलटलं तरी त्याला धीर आला नव्हता.

"योगायोग असतात, सम्मेद," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मीही शाळेच्या फाटकाशी उभी राहू लागले.

मार्चमध्ये विहिरीमागच्या शेवटच्या प्लॉटवर ट्रक आला. सकाळचे अकरा वाजले होते. नवीन माणसं म्हणजे ती येणार. तिला गाठायचं, प्राचीचं विचारायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी बांधावर जाऊन थांबले. तासभर कुणी आलं नाही.

उन्हात ती माणसं कपाटं उतरवत होती. नवरा, बायको, म्हातारी, दोन मुलं. नळ अजून जोडलेला नव्हता. मी घरी जाऊन कळशीभर पाणी घेऊन आले.

बायको पुढे आली. तिनं ओंजळ धरली, मी पाणी ओतलं.

"किती जण हायसा?" मी विचारलं.

"पाच जण."

"चार," मी म्हणाले.

असं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. असं मी कधी बोलतही नाही.

पलीकडे आमच्या फाटकात सम्मेद आणि प्राची उभे होते. दोघंच. मी हात केला. ते माझ्याच दिशेनं बघत होते, पण कुणी हात केला नाही.

बायकोनं पदरानं तोंड पुसलं.

"तुम्ही इथं कधीपासून राहता?" तिनं विचारलं.

मला २००१ म्हणायचं होतं.

"माळ हुता तवापासनं," मी म्हणाले.