दोन ते तीनची फाईल

ही गोष्ट खरी आहे. नाही पटली तर सोडून द्या, पण मी पदरचा एक शब्दही घालत नाहीये. जिच्या बाबतीत हे घडलं ती सुप्रीता माझी सख्खी मामेबहीण. बरंचसं तिच्या तोंडून ऐकलंय, शेवटचं थोडं मी स्वतः पाहिलंय.

आणखी एक. अशा गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही रात्रीची नाही.

भर दुपारची आहे.

बेंगळूरुचं जे. पी. नगर. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. २०२४ सालचा ऑगस्ट महिना, गुरुवार.

सुप्रीता इंदिरानगरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. मामा लवकर गेले, धाकटा भाऊ प्रणीत टोरांटोला. घरात ती आणि आई, म्हणजे माझ्या पद्मावतीमामी. त्याच्या दोन वर्षं आधी मामींना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो डावा हात. काही हवं असलं की मामी तो हात वर करायच्या आणि बोटं आत वळवून बोलवायच्या.

इकडे ये, अशा.

दिवसा सांभाळायला शिवलीला नावाची बाई होती. चांगली होती. तरी सुप्रीताला ऑफिसात चैन पडेना, म्हणून तिनं आईच्या खोलीत कपाटावर छोटा कॅमेरा बसवला. काही हललं की तिच्या मोबाईलवर सूचना यायची. मामींनाही ते समजलं होतं. शिवलीला स्वयंपाकघरात असली की त्या थेट कॅमेऱ्याकडे बघून हात करायच्या. सुप्रीता तिकडून फोन लावायची, "शिवलीला, आई बोलावतेय."

दोन वर्षं हे व्यवस्थित चाललं.

त्या गुरुवारी शिवलीला दुपारी औषधं आणायला खाली गेली. औषधाच्या दुकानात गर्दी, परत आली तर लिफ्ट बंद. चाळीस मिनिटं गेली. सुप्रीता मीटिंगमध्ये होती. मोबाईल टेबलावर पालथा ठेवलेला. तीन वाजता तिनं तो उलटा केला...

अकरा सूचना आलेल्या होत्या.

पहिली दोन बावीसची.

तेवढ्यात शिवलीलाचा फोन आला. "अक्का, लगेच या," एवढंच बोलली ती.

सुप्रीता पोचली तेव्हा मामी गेलेल्या होत्या. डोळे उघडे. डावा हात पलंगाबाहेर लोंबत होता.

त्याच संध्याकाळी तिनं मोबाईलवरच्या त्या सूचना कायमच्या बंद करून टाकल्या. कॅमेरा मात्र तसाच चालू राहिला. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

प्रणीतला वेळेत तिकीट मिळालं नाही. त्यानं सगळं मोबाईलवर पाहिलं. तेराव्यानंतर त्याचा फोन आला.

"अक्का, मला आईचे शेवटचे दिवस बघायचेत. कॅमेऱ्यात असेल ना सगळं? पाठव मला."

सुप्रीता नाही म्हणू शकली नाही. पण त्या गुरुवारची फाईल उघडून बघायची तिची हिंमत नव्हती. कॅमेरा दर तासाची एक फाईल करायचा. महिन्याभराच्या फाईली इतक्या मोठ्या होत्या की अशा पाठवणं शक्यच नव्हतं. आधी लहान करायला हव्या होत्या. म्हणून एका शनिवारी सकाळी तिनं न बघता सगळ्या फाईली हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि कॉम्प्रेस करायला लावल्या.

एका फाईलला बारा मिनिटं लागत होती. एकामागून एक होत होत्या.

मग एक अडकली.

अर्धा तास... एक तास... पंखा घोंघावत होता, टक्का पुढे सरकत नव्हता.

तिनं नाव वाचलं. गुरुवार, दुपारी दोन ते तीन.

पण कॉम्प्युटर जुना आहे, तापला असेल, असं म्हणून तिनं ती फाईल बाजूला ठेवली. पुढच्या फाईली पुन्हा बारा मिनिटांवर आल्या.

शुक्रवार, दोन ते तीन. अडकली.

शनिवार, दोन ते तीन. अडकली.

मामी गेल्यानंतरच्या त्या शुक्रवारी आणि शनिवारी खोलीत कुणीच नव्हतं.

वरच्या मजल्यावर महांतेश नावाचा मुलगा भाड्यानं राहायचा. निपाणीचा. मारतहळ्ळीला सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. पुढच्या आठवड्यात रविवारी सकाळी तिनं त्याला बोलावलं.

"स्वल्प वेळ द्या अक्का, बघतो की," म्हणत त्यानं कॉम्प्युटर खोलला. पंख्यातली धूळ ब्रशनं काढली. जास्तीची मेमरी बसवली. मागे चाललेले नको ते प्रोग्राम बंद केले. डिस्क तपासली. बारा मिनिटांच्या फाईली आता सहा मिनिटांत व्हायला लागल्या.

दोन ते तीनच्या सोडून.

त्यानं त्यातली एक स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर घेतली. तिथंही तेच.

"मशीनचं काही नाही अक्का. फाईलमध्येच काहीतरी आहे."

"म्हणजे काय?"

"व्हिडिओ लहान करताना कॉम्प्युटर फरक शोधतो. आधीच्या चित्रापेक्षा पुढच्या चित्रात काय बदललं, तेवढंच साठवतो. भिंत हलत नाही, मग भिंत परत परत कशाला साठवायची? रिकाम्या खोलीत फरकच नसतो. हे काम चटकन व्हायला पाहिजे."

"मग होत का नाही?"

महांतेशनं खुर्ची जरा मागे घेतली.

"या खोलीत काहीतरी हलतंय, अक्का. सारखं."

त्यांनी व्हिडिओ लावला. गादी काढलेला लोखंडी पलंग. बंद खिडकी. जमिनीवर तेवणारा दिवा. बाकी काही नाही.

"दिवा असेल," तो म्हणाला. "ज्योत हलते ना."

"दिवा तेरा दिवस चोवीस तास होता, महांतेश. मग दोन ते तीनलाच का? आणि आता तर दिवाही नाही. तरी शेवटच्या दिवसाची फाईल अडकली."

त्यानं लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाला, "एक करून बघू. जे हलत नाही ते सगळं काळं करायचं. हलतंय तेवढंच पांढरं दिसेल."

त्यानं त्या पहिल्या शुक्रवारची फाईल तशी लावली. पडदा काळा झाला. खाली कोपऱ्यात दिव्याचा पांढरा ठिपका थरथरत होता.

दोन वाजून दहा. काही नाही.

दोन वीस. काही नाही.

दोन बावीस...

पलंगाच्या जागी एक पांढरी रेघ उमटली. हळूहळू वर गेली. थांबली. वरच्या टोकाला काहीतरी आत वळलं. पुन्हा वळलं. मग रेघ खाली गेली.

थोड्या वेळानं परत वर आली.

महांतेशला काय दिसतंय ते कळलं नाही. सुप्रीताला कळलं.

"हात आहे," ती म्हणाली. "डावा."

मग तिनं स्वतःहून ती गुरुवारची फाईल उघडायला लावली. महांतेश नको नको म्हणत होता. ती म्हणाली, "लाव." मामी कॅमेऱ्याकडे बघत होत्या. दोन बावीसला हात वर गेला. खाली आला. परत वर गेला. सुप्रीता मोजत राहिली. अकराव्यांदा तो जेमतेम उशीइतका उचलला गेला आणि बाजूला पडला.

महांतेशनं दोन्ही फाईली शेजारी शेजारी लावल्या. एकीत मामी, दुसरीत रिकामा पलंग आणि पांढरी रेघ.

वेळ सेकंदाला जुळत होती.

पुढच्या दिवसांच्या फाईली लावल्या. रोज तेच. अकरा वेळा. फक्त रेघ दर दिवशी थोडी मोठी दिसत होती...

"मोठी नाही होत," महांतेश हळू आवाजात म्हणाला. "जवळ येतेय. कॅमेऱ्याच्या."

शेवटच्या दिवसाच्या फाईलमध्ये दोन बावीसला सगळा पडदाच पांढरा झाला.

साध्या व्हिडिओत त्याच वेळी फक्त खोली होती. पलंग. भिंत. बंद खिडकी.

महांतेश उठला. खोलीत जायची त्याची तयारी नव्हती. सुप्रीता एकटीच गेली, कॅमेऱ्याची वायर उपटली, कार्ड काढलं आणि कॅमेरा स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवला. संध्याकाळी तिनं प्रणीतला सांगितलं, "फाईली खराब झाल्यात. नाही पाठवता येणार." तो खूप रडला. तिनं रडू दिलं.

सोमवारी ती ऑफिसला गेली.

कामात होती. मोबाईल समोरच ठेवलेला.

दोन बावीसला तो वाजला.

आईची खोली. हालचाल आढळली.

तिला वाटलं जुनी सूचना असेल. सूचना बंद केल्या होत्या, कॅमेऱ्याला वीज नव्हती. ती नुसती बघत राहिली.

परत वाजला.

तिनं बॅग उचलली आणि रिक्षा पकडली. वाटेत सिग्नलला रिक्षा थांबली होती तेव्हा पाचवी आली. मग सहावी. सातवी. रिक्षावाला आरशातून बघत होता. "एनु मेडम, घरी कुणी आजारी आहे का?" असं काहीसं त्यानं कन्नडमध्ये विचारलं. ती "हो" म्हणाली.

अकरावी सूचना आली तेव्हा ती घरापासून दोन गल्ल्या लांब होती.

घरी काहीच नव्हतं. खोली बंद, डबा जागेवर, डब्यात कॅमेरा. फक्त खोलीत तिला फार दमल्यासारखं वाटलं, असं ती म्हणते. कुणीतरी खूप वेळ वाट बघून थकावं, तसं. तो थकवा आपला नव्हता, एवढंच तिला सांगता येतं.

मंगळवारी तिनं रजा काढली. दोन वाजता खुर्ची घेऊन पलंगाजवळ बसली. मोबाईल मांडीवर.

दोन बावीस झाले.

दोन तेवीस.

मोबाईल वाजला नाही.

तीन वाजेपर्यंत ती बसून होती. एकदाही वाजला नाही.

बुधवारी ऑफिसला गेली, तर अकरा सूचना.

तेव्हापासून सुप्रीता घरूनच काम करते. पगार कमी झाला, बढती गेली. प्रणीत फ्लॅट विकू म्हणतो, ती नाही म्हणते. मोबाईल बदलून पाहिला, कॅमेरा मोडीत टाकून पाहिला. महांतेश दोन महिन्यांत दुसरीकडे राहायला गेला.

मी हुबळीहून गेल्या मार्चमध्ये तिच्याकडे गेले होते. तेव्हा तिनं हे सांगितलं. दुपारचं जेवण आटपून आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो. ती बारीक झाली होती, पण घाबरलेली वाटत नव्हती. मीच घाबरले होते.

"अगं, पण असं किती दिवस?" मी विचारलं.

"मीही विचारलं तिला."

"मग?"

ती उठली. ताटं उचलली, हात धुतले, घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा कमी होते. "तू पड जरा," म्हणाली आणि आत गेली. दार लोटलं. आतून तिचं हळू बोलणं ऐकू येत होतं. आज कोण आलंय, भाजी काय केली होती, असलं साधंच. मध्येच ती थांबत होती. समोरच्याचं बोलणं होईपर्यंत आपण थांबतो ना, तेवढं.

मग म्हणाली, "हो, बाहेरच बसलीय. बोलवू का तिला?"

मी चप्पल घातली. बाहेरूनच "निघते गं, बस आहे" असं ओरडून सांगितलं आणि जिना उतरले.

माझी बस रात्री दहाची होती.