डाव्या बाजूचा लोड

विज्ञान प्रदर्शनात तालुक्यात दुसरा नंबर आल्यापासून आकांक्षाच्या तावडीतून घरातली एकही वायर सुटली नव्हती. मिक्सर झाला, टेबलफॅन झाला. या रविवारी पप्पांच्या जीपची पाळी होती. जाफराबाद ते भोकरदन शिटं, म्हणजे प्रवासी, नेणारी ती जीप रात्रीपासून दारातल्या लिंबाखाली उभी होती. दहावीतल्या या पोरीने मागच्या सिग्नलचे जुने बल्ब काढून दोन्हीकडे एलईडी बसवले.

"अकराला निघायचंय मला," पप्पा म्हणाले. "मागल्या आठवड्यात धुक्यात ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला. सिग्नल दिसलाच न्हाई म्हणे त्याला. आज बराबर झालं पाहिजे."

"होतंय पप्पा. तुम्ही चहा घ्या."

उजवा सिग्नल टिकटिकटिकटिक करत पिसाळला. हे तिला ठाऊकच होतं. एलईडी करंट इतका कमी ओढतो, की सिग्नल मिचकावणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्बच गेला. मग तो घाई करतो. त्यावर उपाय रेझिस्टर. बोटाएवढा, सोनेरी, बल्बच्या वाटचा करंट पिऊन तापणारा. तो तिने जोडला.

टिक... टिक... टिक. सिग्नल शहाणा झाला.

आता डावा. जोडायच्या आधी ती घाई पुन्हा ऐकावी, म्हणून उगाच तिने सिग्नलची दांडी दाबली.

टिक... टिक... टिक.

रेझिस्टर तर तिच्या मुठीत होता.

तिने डावीकडचा एलईडी काढला. पुढचा बल्बही काढला. आता त्या बाजूला काहीच नव्हतं, तरी फ्लॅशर संथ चालला होता. म्हणजे कोणीतरी करंट ओढत होतं. आणि जे ओढतं ते तापतं, एवढं साधं.

ती हाताने चाचपत निघाली. पत्रा गार. वायर गार. मागच्या बाकाचं रेक्झिन थंडीने कडक झालेलं.

डावा कोपरा उबदार होता. एका माणसापुरता.

"पप्पा, इथं कोण बसल्तं?"

"रात्रीपासून कोण बसंल?" पप्पांनी कप खाली ठेवला. "तसाही तो कोपरा रिकामाच जाऊन राह्यला. लोकं दांडीला लटकतेत, पण तिथं बसत न्हाईत. गरमतं म्हणतेत."

"कधीपासून?"

"त्या धुक्याच्या दिवसापासून." पप्पा जीपकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी वाटेत एक शीट घेतल्तं. मी शिटाला आधी कुठं उतरायचं ते इचारतो, मंगच बसवतो. त्याला तेवढं इचारायचं राह्यलं. कुठं उतरलं तेबी ध्यानात न्हाई."

"आज नका जाऊ पप्पा."

"भागवत, निघायचं का बाबा?" फाटकातून शेजारच्या झुंबरबाईंची हाक आली. "डॉक्टर बारालाच दवाखान्यातून उठतो."

"आलो मावशी. आकांक्षा, आवर जल्दी."

पप्पा हात धुवायला गेले. आकांक्षाने एलईडी आणि पुढचा बल्ब परत बसवला. फ्लॅशर तसाच संथ. पप्पा या कोपऱ्याला पाठ करून तीसेक किलोमीटर जाणार होते, येणार होते, उद्याही, परवाही.

ती मागच्या दारातून आत वाकली. कोणी ऐकलं तर हसेल, म्हणून हळूच, पप्पांच्याच चालीत म्हणाली, "चला, उतरून घ्या."

जीपच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. मागची बाजू बोटभर वर उचलली गेली.

टिकटिकटिकटिक.

तिने रेझिस्टर जोडला. टिक... टिक.

झुंबरबाई चढल्या आणि सरळ डाव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. "आज गार हाये बाई इथं," म्हणत त्यांनी शाल ओढली.

गल्लीच्या कोपऱ्यावर डावा सिग्नल नीट मिचकावत जीप वळली. आकांक्षाच्या छातीवरचा दगड उतरला. ती ओट्यावर टेकली. सावलीतली फरशी सलवारीतूनही गारठा देत होती.

तेव्हा तिला आठवलं, कुठं उतरायचं ते विचारायचं तिचंही राहिलं होतं.

तिने न बघता शेजारी हात टेकवला.

तिथली फरशी उबदार होती.