अरशदच्या सेटनं ओ दिली

तुषार, कडी नको घालू. कडीनं काय व्हतंय, आधी ऐक. जव्हारचा अरशद, रेडिओ दुरुस्त करणारा, माझ्या वळखीतला. खोटं वाटलं तर उद्या दुकानात जाऊन विचार त्याला.

दोन वर्सं झाली. पिठोरी अमावस्या, रात्रीचे पावणेनऊ. पोशेऱ्याच्या लाडक्याची बायको, काळी नाव तिचं, दिवस भरलेली. मोबाईलचा टावर चार दिवस मेलेला. पण अरशद नि लाडक्या, दोघांकडं परीक्षा देऊन, लायसन काढून घेतलेले हातातले रेडिओ. त्यावर बोलायचं नाय, चिठ्ठी टाईप करून हवेत सोडायची. चिठ्ठी आली की आपला सेट आपसूक "पोचली" कळवतो, आपण कुठं हाय तेबी सांगतो. समोरचा किती लांब, ते पडद्यावर दिसतं. कळा लागल्या की लाडक्या चिठ्ठी टाकणार, अरशद जीप नेणार, असं ठरलेलं. म्हणून तो जामसरच्या वरच्या माळावर जीप लावून बसला. तिथं सेटला रेंज गावते.

सेट वाजला. लाडक्याचं नाव नाय. कोणाचंच नाय. एकच शब्द.

"हायेस?"

आता रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय आपण ओ देत नाय. अरशदलाबी ठावं. तो गप बसला. पण सेटला कोण शिकवणार? त्यानं पहिल्याच हाकेला ओ दिली. वर पत्ताबी दिला.

पडद्यावर आलं, चार किलोमीटर.

मग तीन.

प्रगती, पाय आत घे. उगाच आपलं सांगतो.

दोन. त्या अंगाला रस्ता नाय. नुसती दरी.

अरशदचा अंगठा बटणावर. बंद करावा... पण तेवढ्यात लाडक्याची चिठ्ठी आली तर? काळीचं काय?

नाय केला बंद.

एक. अर्धा.

शून्य.

जीप मागनं जराशी दबली...

त्यानं मागं बघितलं नाय. सेट परत वाजला. लाडक्या. "कळा लागल्या. ये."

पोशेऱ्याला लाडक्या दारातच उभा. "अरशदभाय, तोंड का असं? बाळंत तू व्हणार का ही?"

दोघांनी मिळून काळीला मागच्या शीटवर आडवी केली. केस मोकळे. बाळंतपणात आपण अंगावर गाठ ठेवत नाय. घरात दुसरं बाईमाणूस नाय. घाटात धुकं एवढं दाट, का लाडक्या पुढं बसून, अर्धा बाहेर लोंबत, बॅटरीनं रस्ता दाखवत व्हता. मागं काळी एकटी.

कण्हत व्हती. मग गप झाली.

"काळे?" लाडक्यानं पुढनंच हाक मारली.



पडद्यावर शून्य. जव्हारच्या दवाखान्यापर्यंत शून्य.

पोरगी झाली. जित्ती हाय, चालती आता. पण त्याआधी सिस्टर बाहेर आली. "कळा चालू असताना हिची वेणी कोणी घातली? एवढी आवळून? सुटंना, कात्री लावली मी."

लाडक्यानं अरशदकडं बघितलं. अरशदनं खाली.

सिस्टरनं वेणी हातावर ठेवली. दोन पेड काळेभोर, काळीचे.

तिसरा पेड पांढरा.