लाल दिवा लागल्यावर

लातुरात कानांची तपासणी करायला लागून मला अठरा वर्षं झाली. माणसं खोटं बोलतात, यंत्र बोलत नाही, एवढ्या भरवशावर मी हे दुकान चालवते.

ईश्वरप्पा, मिलमध्ये सगळ्यांचे आप्पा, रेणापूरच्या एका डाळमिलमध्ये ऑपरेटर. तीस वर्षं मशीनजवळ उभे. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई, असं लिहून द्या."

"कशासाठी?"

"पट्टा सरकला म्हणून मशीन बंद केली, लगेच चालू केली. बसवंत सफाईला टाकीत उतरलेला, मला ठाव नव्हतं. त्यो आतच गेला. त्याची बायको पंचफुला रोज इचारती, मशीन बंद व्हती तवा त्यानं हाक मारली व्हती का. कागद दाखवला तर थांबंल."

मला फार वाईट वाटलं. पण तपासल्याशिवाय मी लिहीत नाही.

बंद खोलीत बसवून हेडफोन चढवले. आधी मोठा घरघराट, तो थांबताच बारीक शिट्टी. ऐकू आली की बटण दाबायचं. मोठ्या आवाजानंतर कान क्षणभर बधिर असतो. आप्पांनी एकदाही बटण दाबलं नाही. मग शिट्टीच्या नेमक्या क्षणी मी समोरचा लाल दिवा लावू लागले. आता प्रत्येक वेळी बटण. कधी ऐकायचं ते कळलं की एवढा फरक पडतो.

"मिलमधी बी मशीन थांबली की लाल दिवा लागतो," आप्पा म्हणाले.

खात्रीसाठी मी शिट्टी काढून टाकली. नुसता घरघराट आणि दिवा. तरी बटण, अकराच्या अकरा वेळा.

"काय ऐकलंत?"

"शिट्टी न्हाई मॅडम. 'आप्पा' म्हनतंय." त्यांनी वर पाहिलं नाही.

हेडफोन बिघडलाय म्हणत मी वैतागून स्वतः आत बसले. यंत्र आपोआप चालेल असं लावलं होतं. घरघराट थांबला. दिवा लागला.

"आप्पा."

पत्र्याच्या आतून यावी तशी, दमलेली हाक.

मी हेडफोन ओढून काढला.

बाहेर येऊन मी लिहिलं: मशीन थांबल्यावर लगेच हलका आवाज ऐकू येणं शक्य नाही. सही केली, शिक्का मारला. आप्पांनी कागद कपाळाला लावला आणि रडले.

ते गेल्यावर लाइट गेली. खालच्या दुकानाचा जनरेटर तासभर धडधडत होता. मग लाइट आली आणि तो थांबला. टेबलावरच्या स्टॅबिलायझरचा लाल दिवा लागला.

मला ऐकायचं नव्हतं. तरी कान तिकडेच गेले.

या वेळी हाक आप्पांना नव्हती.

"मॅडम."