शालीतली बाटली

दुपारी दोन वाजता देवदत्तचा फोन आला.

"कादिरभाई, जरा वर या. बाटली गेली."

कादिर रियाधच्या अल मलाझ भागातल्या त्या इमारतीची देखरेख करायचा. त्याआधी तो राजापूरला हवालदार होता. हातातलं काम टाकून तो तिसऱ्या मजल्यावर गेला.

घरभर खोकी होती. स्थानिकांनाच नोकऱ्या द्यायच्या सौदीकरणात देवदत्तची नोकरी गेली होती. उद्या सकाळी त्याचं विमान होतं, कायमचं. बायको अनुराधा आठ महिन्यांपूर्वीच वारली होती.

पलंगावर कपाटातून काढलेली एक शाल उलगडून ठेवली होती. तिच्यात व्हिनेगरची रिकामी बाटली.

"ही आमची नाही," देवदत्त म्हणाला. "आमची वाइनची होती."

कादिरने आधी दार लावलं.

"इथे, साहेब? दारूबंदीच्या देशात?"

"रिकामी. स्पेनमधली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गेलो होतो. चारशे वर्षं जुनी वायनरी, दगडी तळघर. अनुराधाने तिथली शार्डने, पांढरी वाइन, अर्धा ग्लास घेतली. म्हणाली, हिरव्या सफरचंदाचा वास येतोय. मग बाटली धुऊन, या शालीत गुंडाळून तिनेच आणली."

"दिसायला कशी?"

"फिकट हिरवी, जाड काच. तळाला आत खोल खड्डा. तिथला माणूस त्यात अंगठा घालून ओतायचा. लेबलवर वायनरीचं चित्र."

"कुणी नेऊन पोलिसांत दिली तर उद्या तुम्हाला जाऊ देणार नाहीत."

"विमानाचं राहू दे. बाकी सगळं कार्गोवाल्याने बांधलं. तिची एवढी एक वस्तू मी बांधणार होतो."

"आज घरात कोण आलं?"

"कार्गोचा सुरेश. आणि समोरच्या शरफुन्निसाभाबी, कोकमाचं आगळ द्यायला. थांबा, तुम्हाला सरबत देतो."

कादिरने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"मीठ फार झालंय, साहेब."

"माझं रोजच होतं."

सुरेश स्वयंपाकघरात खोक्यांना टेप लावत होता.

"कपाट उघडलंस?"

"त्याला कुलूप होतं. किल्ली साहेबांच्या खिशात. माझ्यावर कशाला घेता?"

"इथलं काही बांधायचं राहिलं?"

"ती आगळाची बाटली तेवढी. काच हीऽ जाड. म्हटलं, ही वाटेत फुटून माझ्या नावाने शिमगा होईल. साहेब म्हणाले, इथेच संपवतो."

कादिर परत खोलीत आला. व्हिनेगरच्या बाटलीवरची तारीख त्याने चष्मा लावून वाचली. माल नऊ महिन्यांपूर्वीचा होता.

"शाल याआधी कधी उघडली होतीत?"

"ती गेल्यापासून हात लावला नाही."

"नोकरीची नोटीस कधी आली?"

"ती दवाखान्यात जायच्या आधी. तेव्हा ती रोज म्हणायची, बाटली टाकून द्या, घर तपासलं तर अडकाल. मी ऐकलं नाही. त्यावरून भांडलोही."

कादिरने समोरचं दार वाजवलं. शरफुन्निसा ओढणी सावरत आली.

"भाबी, आगळ काचेच्या बाटलीतून का दिलंत?"

"बाटली अनुराधाचीच. तिच्या घरी रिकामी कशी पाठवू?"

"तिने तुम्हाला कधी दिली होती?"

तिने ओढणी पुन्हा सावरली.

"भाबी, तो माणूस सकाळपासून जेवलेला नाही."

"चला," ती म्हणाली.

देवदत्तला बोलावून कादिरने त्याच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरची बाटली उचलली. आगळामुळे ती काळी दिसत होती. त्याने तळाला अंगठा लावला. अंगठा पूर्ण आत गेला.

"चोरी आज झालीच नाही, साहेब. शालीतली बाटली नऊ महिन्यांपूर्वीची. त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी दवाखान्यात गेल्या. कपाटाची किल्ली तुम्हा दोघांकडेच. तुम्ही घेतली नाहीत. तुम्ही बाटली टाकेनात, म्हणून वहिनींनीच बदलली. शाल हलकी लागू नये म्हणून व्हिनेगरची घातली."

देवदत्त शरफुन्निसाकडे वळला.

"लेबल काढून, उकळत्या पाण्याने धुऊन माझ्याकडे दिली," शरफुन्निसा म्हणाली. "कशाची ते सांगूनच दिली. म्हणाली, लेबल नसलं की नुसती काच. निघायच्या आदल्या दिवशी परत दे, तोवर बोलू नकोस. ते बघताक्षणी ओळखतील, म्हणाली."

"मी तिच्यातून दोन ग्लास सरबत केलं," देवदत्त म्हणाला. "ओळखली नाही."

 सुरेशने हातातली टेप खाली ठेवली.

"लेबल कुठे आहे, भाबी?" कादिरने विचारलं.

"तिच्या पाककृतींच्या वहीत. म्हणाली, ती वही हे कधी उघडणार नाहीत. उपाशी राहिले तरच उघडतील."

देवदत्तला किंचित हसू आलं, पण ते टिकलं नाही. सुरेशने न सांगताच एका खोक्याची टेप कापली आणि वही काढून दिली.

कोकम सरबताच्या पानावर लेबल चिकटवलेलं होतं. चित्र आत, पांढरी पाठ वर. पाठीवर अनुराधाचं अक्षर होतं, शेवटी शेवटी झालं होतं तसं वाकडंतिकडं.

देवदत्तने ते वाचलं आणि वही कादिरपुढे धरली.

आगळात मीठ असतंच. वरून घालू नका.

देवदत्तने उरलेलं आगळ एका भांड्यात ओतलं. बाटली विसळली, पुसली. मग शाल आणून तिच्यात ती बांधायला बसला. गाठ त्याला नीट जमेना.

शरफुन्निसा पुढे झाली. कादिरने तिला हातानेच थांबवलं.